डीएनएचं वाकणं लॅपटॉपवर मोजायचं असेल तर

एमएस्सीच्या शेवटच्या सेमिस्टरला मला प्रोजेक्ट मिळाला तो एका प्रमोटरच्या, म्हणजे जनुक सुरू करणाऱ्या डीएनएच्या भागाच्या, तुकड्याची लवचीकता काढायचा. हातात आठ आठवडे होते. पहिल्याच आठवड्यात मी तो तुकडा थेट सिम्युलेशनला, म्हणजे संगणकात त्याचे अणू हलवून बघायला, लावला. सहा आठवडे त्यातच गेले, आणि जे हाती आलं त्यातलं काहीही प्रबंधात घालता आलं नाही. सॉफ्टवेअर नीट चाललं होतं. मलाच डीएनएचा आकार मोजता येत नव्हता आणि मी तो हलवायला निघाले होते.

ठाणे-नवी मुंबईच्या कॉलेजांतून दरवर्षी बायोटेक, बायोइन्फर्मॅटिक्सची मुलं-मुली याच विषयाकडे वळतात आणि बरेच जण याच खड्ड्यात पडतात. ऐरोली-महापेला एवढी मोठमोठी डेटा सेंटरं उभी आहेत, पण आपलं काम शेवटी कळव्याच्या वन-बीएचकेतल्या लॅपटॉपवरच चालतं. त्या लॅपटॉपवर कुठल्या क्रमाने जावं, तेवढंच इथे सांगते. आधी मोजा, मग अंदाज घ्या, आणि हलवायचं सगळ्यात शेवटी.

आधी जमवायच्या गोष्टी

- ८ जीबी रॅम आणि १०० जीबी मोकळी जागा असलेला लॅपटॉप. विंडोज असेल तर त्यातच डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) घालून उबुंटू घ्या.
- मोजायला थ्रीडीएनए किंवा कर्व्हज-प्लस.
- रचना तयार करायला अँबरटूल्स. मोफत आहे आणि कोंडा या सॉफ्टवेअर बसवायच्या प्रोग्रॅममधून सहज बसतं. त्यासाठी वेगळं एन्व्हायर्नमेंट करा, नाहीतर आधीचं पायथन बिघडतं.
- हलवायला ओपनएमएम किंवा ग्रोमॅक्स. दोन्ही मोफत.
- बघायला पायमॉल किंवा व्हीएमडी.
- कॉलेजच्या पत्त्याचा ईमेल, बोनाफाईडच्या दोन प्रती आणि गाईडचं पत्र. मोठ्या संगणकावर खातं हवं असेल तर हे लागतंच. एका संस्थेकडून माझा अर्ज तीनदा परत आला, कारण शिक्का सहीवर नव्हता, सहीच्या शेजारी होता.
- कागदाची वही.
- पार्ले-जीचा पुडा. खरंच.

१. बिस्किटांवर सहा आकडे शिका

ठाणे स्टेशनला वाशी लोकलची वाट बघत असताना माझ्या गाईड मॅडमनी पर्समधून दोन बिस्किटं काढली आणि एकावर एक ठेवली. "ही एक बेस-जोडी, ही तिच्या वरची. आता वरची मला किती प्रकारांनी हलवता येईल, सांग."

तुम्हीही करून बघा. बिस्किटाच्या दोन आखूड कडांना डीएनएचे दोन धागे आहेत असं समजा. डीएनएच्या पिळात बाहेरून एक मोठी आणि एक लहान खाच पडते; मग लांब कडांपैकी एक मोठ्या खाचेकडे तोंड करून आहे आणि दुसरी लहान खाचेकडे. वरचं बिस्कीट खाचेच्या दिशेने सरकवलं की शिफ्ट. लांबीच्या दिशेने, म्हणजे एका धाग्याकडून दुसऱ्याकडे सरकवलं की स्लाइड. वर उचललं की राइज. फिरवलं की ट्विस्ट. उरली दोन कलणी. आखूड कडेला फट पडली तर टिल्ट, लांब कडेला फट पडली तर रोल. रोलचा आकडा धन असेल तर फट लहान खाचेच्या बाजूला पडते आणि डीएनए मोठ्या खाचेकडे वाकतो.

हे सहा आकडे म्हणजे एका पायरीचा, म्हणजे लागोपाठच्या दोन जोड्यांचा, पूर्ण पत्ता. नेहमीच्या बी-डीएनएत राइज ३.४ अँगस्ट्रॉमच्या (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) आसपास असतो आणि ट्विस्ट सुमारे ३४ अंश, म्हणून साडेदहा जोड्यांत एक वेढा पूर्ण होतो. डीएनए वाकतो तो मुख्यतः रोलमुळे. टिल्ट त्या मानाने फार कमी हलतो. बिस्किटावर हे लगेच पटतं, कारण आखूड कडेला फट पाडायची तर लांबलचक बिस्कीट एका टोकाला बरंच उचलावं लागतं.

याशिवाय जोडीच्या आतले सहा आकडे आहेत: शिअर, स्ट्रेच, स्टॅगर, बकल, प्रोपेलर, ओपनिंग. सुरुवातीला त्यांतलं फक्त प्रोपेलर लक्षात ठेवा. जोडीतले दोन बेस पंख्याच्या पात्यांसारखे एकमेकांशी किती पिळलेले आहेत, ते त्यावरून कळतं.

इथला सापळा नावांचा आहे. "सीजी पायरी" म्हणजे एकाच धाग्यावर आधी सी आणि मग जी. सी आणि जी यांची समोरासमोरची जोडी ही वेगळीच गोष्ट. मी दोन आठवडे हे उलटं वाचत होते आणि तक्त्यातला एकही आकडा जुळत नव्हता.

२. ज्याचं उत्तर माहीत आहे असा रेणू मोजा

स्वतःच्या क्रमाला अजून हात लावू नका. प्रोटीन डेटा बँक या रेणूंच्या रचनांच्या खुल्या साठ्यातून १बीएनए ही स्फटिकावरून काढलेल्या रचनेची फाइल उतरवा. रिचर्ड डिकरसन यांच्या गटाने १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेला हा बारा जोड्यांचा तुकडा आहे: सीजीसीजीएएटीटीसीजीसीजी. या क्षेत्रात प्रत्येक जण पहिला हात याच्यावर साफ करतो.

थ्रीडीएनएत आधी फाइंड-पेअर आणि मग अ‍ॅनालाइझ हे दोन आदेश चालवा. एक लांब तक्ता येईल. त्यात हे तपासा: जोड्या १२, पायऱ्या ११, सरासरी ट्विस्ट ३६ अंशांच्या आसपास, आणि मधल्या एएटीटीपाशी लहान खाच अरुंद झालेली. हे दिसलं तर तुमचं सॉफ्टवेअर नीट बसलंय.

खाचेची रुंदी वाचताना मी सपशेल फसले. थ्रीडीएनए फॉस्फरसपासून फॉस्फरसपर्यंतचं अंतर देतं. त्यातून फॉस्फेट गटांच्या जाडीचे ५.८ अँगस्ट्रॉम वजा केले की मोकळी खाच मिळते. कर्व्हज-प्लसची खाच मोजायची रीत वेगळी आहे. दोघांचे आकडे एकाच आलेखात टाकलेत की बघणारा पहिल्या नजरेत पकडतो.

जुने निबंध वाचतानाही जपून. आकड्यांची नावं १९८८ च्या केंब्रिज बैठकीत ठरली, पण ते कुठल्या चौकटीतून मोजायचे यावर १९९९ मध्ये जपानच्या त्सुकुबा इथे एकमत झालं. त्याआधी दोन प्रोग्रॅम एकाच रेणूचा राइज वेगवेगळा सांगायचे. आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत मंजू बन्सल आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये न्यूपार्म आणि न्यूकजेन हे प्रोग्रॅम प्रसिद्ध केले, एक मोजायला आणि एक क्रमावरून रचना उभी करायला. त्या काळचे आकडे वापरताना ते कुठल्या पद्धतीने मोजलेत ते आधी बघा.

दुसरी कुठली फाइल घेतलीत आणि फाइंड-पेअरला एकही जोडी सापडली नाही, तर घाबरू नका. स्फटिकाच्या फाइलमध्ये कधी कधी एकच धागा असतो आणि दुसरा सममितीने उभा करायचा असतो. अशा वेळी "बायोलॉजिकल असेंब्ली" असं लिहिलेली फाइल उतरवा.

३. आकार वेगळा, ताठपणा वेगळा

या भागावर थोडं थांबा. माझा पहिला प्रोजेक्ट बुडाला तो इथेच.

केरसुणीचा हीर आणि उन्हात वाळून वाकडी झालेली बांबूची काठी समोर ठेवा. काठी वाकडी दिसते, पण हाताने वाकत नाही. हीर सरळ दिसतो आणि बोटाने वाकतो. डीएनएचंही तसंच आहे. एखादा तुकडा मुळातच वाकडा असतो, एखादा सरळ असून सहज वाकतो. पहिल्यात आकड्यांची सरासरी बघायची, दुसऱ्यात त्या सरासरीभोवतीचा पसारा. एका स्फटिकाच्या फाइलवरून ताठपणा कळत नाही, कारण तो एकच फोटो आहे.

लागोपाठ चार-सहा ए असलेला पट्टा हे याचं नेहमीचं उदाहरण. हा पट्टा ताठ असतो आणि त्याची लहान खाच अरुंद असते. तरीही असे पट्टे दर साडेदहा जोड्यांनी आले की अख्खा डीएनए कमानीसारखा वळतो. १९८० च्या दशकात किनेटोप्लास्टच्या (काही एकपेशीय परजीवींच्या मायटोकाँड्रियातल्या) डीएनएत हे सापडलं, कारण विजेने डीएनए जेलमधून सरकवायच्या चाचणीत तो अपेक्षेपेक्षा हळू सरकत होता. उलट टीए ही पायरी सैल. प्रमोटरमधल्या टाटा-बॉक्स या टीए-टीए अक्षरांच्या भागाला चिकटणारं प्रथिन डीएनए जवळजवळ ८० अंशांत मोडतं, आणि त्या कामात टीएचं सैल असणं उपयोगी पडतं.

पायऱ्या किती प्रकारच्या? कागदावर सोळा. पण डीएनए उलट बाजूनेही वाचता येतो, त्यामुळे एए आणि टीटी ही एकच पायरी, आणि खरे प्रकार दहाच उरतात. शेजारच्या जोड्यांचाही परिणाम होतो म्हणून चार-चार अक्षरं घेतली तर २५६ पैकी १३६ वेगळे प्रकार निघतात. अस्कोना बी-डीएनए कन्सॉर्शियम या नावाने जगभरातल्या अनेक प्रयोगशाळांनी मिळून या १३६ प्रकारांची सिम्युलेशनं केली. तुम्हाला एकट्याला ते परत करायचं नाही. त्यांचे निष्कर्ष वापरा.

४. रन लावण्याआधी क्रमावरून अंदाज घ्या

आता तुमचा क्रम बाहेर काढा. दोन साधनं ब्राउझरमध्येच चालतात.

डीएनएशेप पाच-पाच अक्षरांची खिडकी सरकवत लहान खाचेची रुंदी, प्रोपेलर, रोल आणि ट्विस्ट सांगतं. दोन्ही कडांची अक्षरं रिकामी राहतात, म्हणून आपल्याला हव्या त्या भागाच्या दोन्ही बाजूंना मूळ जीनोममधली चार-पाच अक्षरं जास्त घाला.

सीजीडीएनए-वेब हे स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या गटाचं. क्रम दिला की त्याचा विश्रांतीतला आकार तर मिळतोच, शिवाय तो किती ताठ आहे हेही मॉडेलमध्ये असतं. यावर एक छोटा प्रयोग करा. सहा ए आणि त्यापुढे चार-पाच मिश्र अक्षरं असा तुकडा घेऊन तो आठ-दहा वेळा जोडा. मग मधली मिश्र अक्षरं वाढवून पट्ट्यांमधलं अंतर पंधरा जोड्यांचं करा. पहिल्या आकृतीत कमान दिसेल, दुसरीत दोरी जवळजवळ सरळ. दीड वेढ्यानंतर येणारा पट्टा विरुद्ध बाजूला वाकवतो आणि आधीच्या पट्ट्याचं वळण खाऊन टाकतो.

रोलच्या आकड्यांची नुसती बेरीज करून "एकूण वाक" काढणं चूक का, ते या प्रयोगात डोळ्यांनी दिसतं. रोल कुठल्या बाजूला पडतो आणि किती जोड्यांनी परत येतो, यावर सगळं अवलंबून.

बऱ्याच प्रोजेक्टांना एवढंच पुरतं, असं माझं स्पष्ट मत आहे. गाईड सिम्युलेशनवर अडून बसले नसतील तर इथे थांबायला लाजू नका.

५. हलवायची तयारी

थांबता येत नसेल तर पुढे चला, पण परत १बीएनएच्याच क्रमापासून.

अँबरटूल्सने तो तुकडा उभा करा. त्यात हायड्रोजन धरून ७५८ अणू भरतात. तुमचा आकडा वेगळा आला तर टोकांच्या फॉस्फेटचा घोळ असणार. पाच-प्राइम टोकांना फॉस्फेट नसेल तर प्रत्येक धाग्यावर ११, म्हणजे एकूण २२ ऋण भार. ते शमवायला २२ सोडियम किंवा पोटॅशियम आयन घाला, आणि त्यावर पेशीसारखं वातावरण हवं असेल तर सुमारे ०.१५ मोलर मीठ. मग चारही बाजूंना किमान १० अँगस्ट्रॉम पाणी.

फोर्स फील्ड म्हणजे अणूंनी एकमेकांना कसं ओढायचं-ढकलायचं याचं नियमपुस्तक. डीएनएसाठी बीएससी-१ किंवा ओएल-१५ यांपैकी एक निवडा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. मी सीनियरकडून आलेली जुनी स्क्रिप्ट तशीच चालवली. तिच्यात २००७ च्या बीएससी-शून्य दुरुस्तीच्याही आधीचं फोर्स फील्ड होतं. त्यात पाठीचा कणा लांब रनमध्ये चुकीच्या कोनात अडकून बसतो आणि सगळा डीएनए उसवल्यासारखा दिसतो. सीनियरची स्क्रिप्ट हातात आली की पहिली ओळ फोर्स फील्डची वाचा.

मग डीएनए धरून ठेवून पाण्याची ऊर्जा उतरवा, म्हणजे अणूंना आरामशीर जागी बसू द्या, नंतर डीएनए सोडून परत उतरवा, हळूहळू ३०० केल्विनपर्यंत तापवा. इथे घाई केली की पहिल्याच मिनिटाला रन फुटतो.

६. रन लावा आणि डिस्कचा हिशेब आधी करा

एक पाऊल २ फेम्टोसेकंदांचं. १०० नॅनोसेकंद हवे असतील तर पाच कोटी पावलं. ग्राफिक्स कार्डशिवाय या वाटेला जाऊ नका. कार्ड नसेल तर गूगलच्या कोलॅबवर मोफत मिळतं, पण सत्र मध्येच तुटतं, म्हणून दर थोड्या वेळाने चेकपॉइंट (जिथून रन परत सुरू करता येईल अशी नोंद) लिहायला सांगा.

आता जागा. समजा पाण्यासकट २०,००० अणू आहेत. एक फ्रेम, म्हणजे एका क्षणी सगळे अणू कुठे आहेत त्याची नोंद, सुमारे २४० केबीची. दर १० पिकोसेकंदांनी एक फ्रेम लिहिली तर १०० नॅनोसेकंदांचे २.४ जीबी होतात. मी आकडा चुकवून दर ०.२ पिकोसेकंदांनी लिहायला सांगितलं, म्हणजे १२० जीबी. सकाळी उठून बघते तर डिस्क भरलेली आणि रन मेलेला. रन संपल्यावर पाणी काढून टाकलेली प्रत ठेवलीत तर फ्रेम नऊ-दहा केबीवर येते.

आमच्या भागात शुक्रवारी दुरुस्तीसाठी दुपारभर लाइट जाते. त्यामुळे मी रन शुक्रवारी संध्याकाळी लावायचे. तुमच्याकडचा वार कुठला ते सोसायटीच्या वॉचमनला विचारा, त्याला पक्कं ठाऊक असतं.

एकच लांब रन करण्यापेक्षा सुरुवातीचे वेग बदलून तीन रन करा. तिघांचे आकडे जुळले तर विश्वास ठेवा. अठरा जोड्यांच्या एका तुकड्यावर झालेल्या लांब सिम्युलेशनांत टोकं सोडून मधला भाग एक ते पाच मायक्रोसेकंदांत स्थिरावलेला दिसतो. १०० नॅनोसेकंदांवरून मोठे दावे करू नका.

७. धागे सुटलेले दिसले तर

रात्री दोनला मी ट्रॅजेक्टरी, म्हणजे रनच्या सगळ्या फ्रेमची फाइल, उघडली. एक धागा पाण्याच्या बॉक्सच्या डाव्या भिंतीला, दुसरा उजव्या. प्रोजेक्ट संपला म्हणून मी रडकुंडीला आले आणि सकाळ होताच फोन केला.

"मॅडम, डीएनए वितळला."

"तीनशे केल्विनला? बॉक्सच्या पलीकडे बघ. तिकडून बाहेर पडलेला इकडून आत आला असेल."

तसंच होतं. बॉक्स सगळ्या बाजूंनी परत परत मांडलेला असतो. रेणू एका भिंतीतून बाहेर गेला की समोरच्या भिंतीतून आत येतो, आणि दोन धागे हे दोन वेगळे रेणू असल्यामुळे चित्रात ताटातूट होते. अँबरटूल्सबरोबर येणाऱ्या सीपीपीट्राजमध्ये ऑटोइमेज हा एक शब्द लिहिला की जोडी परत एकत्र दिसते. ग्रोमॅक्समध्ये ट्रजकॉन्व्हने हेच करा. हे न करता मोजमाप केलंत तर सगळे आकडे कचरा.

टोकांची गोष्ट वेगळी. तिथल्या जोड्या खरोखरच उघडझाप करतात. म्हणून दोन्ही बाजूंच्या किमान दोन-दोन जोड्या हिशेबातून वगळा.

आणखी एक. सगळ्या फ्रेममधल्या अणूंच्या जागांची सरासरी काढून "सरासरी रचना" बनवू नका. फिरणाऱ्या गटांची सरासरी मध्येच कुठेतरी पडते आणि बंध आखडतात. प्रत्येक फ्रेमचे सहा आकडे काढा आणि सरासरी त्यांची घ्या.

८. ताठपणाचा आकडा काढा

आता प्रत्येक पायरीसाठी सहा स्तंभ आणि हजारो ओळींचा तक्ता तयार असेल. आधी प्रत्येक स्तंभाचा हिस्टोग्राम काढा. एकच टेकडी दिसली तर पुढे जा. सीजी पायरीचा ट्विस्ट शेजार बघून कधी कधी दोन टेकड्या दाखवतो. तिथे सरासरी अशा जागी पडते जिथे रेणू फारसा नसतोच.

मग सहा बाय सहाचा कोव्हेरियन्स मॅट्रिक्स (सहा आकडे किती आणि एकमेकांबरोबर कसे बदलतात त्याचा तक्ता) काढायचा, तो उलटा करायचा आणि केटीने, म्हणजे बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान यांनी, गुणायचं. ३०० केल्विनला केटी साधारण ०.६ किलोकॅलरी प्रति मोल. नुसता रोल घेऊन अंदाज करायचा तर समजा पसारा (स्टँडर्ड डेव्हिएशन) ६ अंश आहे. ०.६ ला ३६ ने भागलं की सुमारे ०.०१७ येतात. पसारा ८ अंश असेल तर ०.००९. म्हणजे पसारा दोनच अंशांनी वाढला आणि ताठपणा जवळपास निम्मा झाला. अंश आणि रेडियन यांची सरमिसळ झाली तर आकडा तीन हजार पटींनी चुकतो, म्हणून एकक स्तंभाच्या डोक्यावर लिहून ठेवा.

९. लांब डीएनए हवा असेल तर

डीएनएची पर्सिस्टन्स लेंग्थ साधारण ५० नॅनोमीटर, म्हणजे दीडशेच्या आसपास जोड्या. तेवढ्या अंतरापर्यंत तो आपली दिशा बऱ्यापैकी धरून असतो. मजा अशी की न्यूक्लिओसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या प्रथिनांच्या रिळाभोवती, गुंडाळल्या जाणाऱ्या १४७ जोड्यांची लांबीही ५० नॅनोमीटरच भरते, आणि त्या रिळाला जवळपास पावणेदोन वेढे घालतात; डीएनएसकट ते रीळ सुमारे ११ नॅनोमीटर रुंद असतं. प्रथिनाला एवढी ओढाताण करायची असते म्हणूनच कुठला क्रम स्वतःहून वळतो आणि कुठला सैल आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

बारा जोड्यांचा तुकडा चार नॅनोमीटरचा. त्यावरून ५० नॅनोमीटरची गोष्ट थेट मोजता येत नाही. इथे सीजीडीएनएच्या मॉडेलने हजारो आकार बनवून बघायचे. त्यात मूळच्या वाकडेपणामुळे येणारा हिस्सा आणि तापमानाच्या थरथरीमुळे येणारा हिस्सा वेगळे काढता येतात, म्हणजे परत तिसऱ्या टप्प्यावरची काठी आणि हीर. ऑक्सफर्डचं ऑक्सडीएनए हे मॉडेल ओरिगामीसाठी (डीएनएच्या घड्या घालून आकार बनवायला) आणि धागे जुळण्या-सुटण्यासाठी उत्तम, पण त्याचं क्रमावलंबित्व सुरुवातीला वितळण्याच्या तापमानांवर बसवलेलं होतं. तुमच्या प्रमोटरचं वाकणं त्या जुन्या आवृत्तीत शोधू नका.

प्रबंधात काय लिहायचं

फोर्स फील्ड, पाण्याचं आणि आयनांचं मॉडेल, मिठाचं प्रमाण, किती रन, प्रत्येकी किती वेळ, सुरुवातीचा किती भाग टाकून दिला, आकडे कुठल्या प्रोग्रॅमने मोजले, आणि टोकाच्या किती जोड्या वगळल्या. शेवटची गोष्ट मी लिहायची विसरले होते. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या सरांनी पहिलाच प्रश्न तो विचारला, आणि उत्तर वहीत होतं, वही घरी.